जोडीचा पलटा : पेडल स्टील गिटारचा रियाज आणि आपले कान



आजचा विषय नांदुऱ्याला जरा परका वाटेल. पेडल स्टील गिटार हे अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं वाद्य. चार पायांवर टेबलासारखं उभं, त्यावर बहुधा दहा तारा. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या, डाव्या हातात स्टीलची जड कांडी, पायाशी पेडलं आणि गुडघ्याशी खटके. १९५४ साली वेब पिअर्सचं ‘स्लोली’ गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर चढवला, आणि त्यानंतर या वाद्याची चालच बदलली.

याचं थोरलं भावंड आपल्या ओळखीचं आहे : हवाईयन गिटार. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या फिल्मी धुनांच्या तबकड्या अनेकांनी ऐकल्या असतील. ब्रिजभूषण काब्रांनी तर हे वाद्य रागसंगीतात आणलं. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीने ते आहेत.

आता मुद्द्यावर येऊ. आज गावोगावी मुलं मोबाईलवर बघून, एकट्याने, गुरूशिवाय वाद्यं शिकतायत. पेडल स्टीलचे धडेही तिथे आहेत. त्यात जोडस्वरांची सरगम असते, म्हणजे दोन तारा एकदम छेडत सप्तक चढायचं आणि उतरायचं. आणि कौतुक कशाचं होतं? वेगाचं. आमचं म्हणणं असं, की ही मोजपट्टीच चुकीची आहे. या रियाजात परीक्षा कानाची असते, बोटांची नंतर.

कशी ते बघा. संगीताच्या पहिल्या वर्षाला आपण एक पलटा घोकतो : साग, रेम, गप, मध, पनी, धसां. पेडल स्टीलवरची जोडस्वरांची सरगम म्हणजे हाच पलटा. फरक एवढाच, की आपण ते दोन सूर एकामागून एक म्हणतो आणि तिथे ते एकदम वाजतात.

पांढरी पाचचा सा धरा. नेहमीच्या ई-नाईन जुळणीत पाचवी आणि सहावी तार घ्या. कांडी तिसऱ्या रेघेवर, पेडल मोकळं : ग-प. तिथेच ए आणि बी ही पेडलं दाबा : म-ध. पेडल दाबूनच पाचव्या रेघेवर : प-नी. मग पेडल सोडून आठवीवर : ध-सां. दहावीवर : नी-रें. तिथेच पुन्हा पेडल : सां-गं. पेडल सोडून तेरावीवर : रें-मं.

काय लक्षात येतं? साग, मध, पनी या जोड्यांमधलं अंतर शुद्ध गांधाराएवढं, मोठं. बाकीच्या चारांत ते कोमल गांधाराएवढं, लहान. पेडल दाबलं की मोठं, सोडलं की लहान. गळ्याने भरभर पलटा म्हणताना हा भेद सहज झाकून जातो. दोन सूर एकत्र वाजले की झाकायला जागाच उरत नाही.

आणि इथेच आपल्या पेटीचा प्रश्न येतो. भजनात पेटी ऐकून आपला कान घडलेला असतो. पेटीच्या सप्तकात बारा सारखे भाग, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा थोडा चढा. सेंटच्या मापात पेटीचा ४००, तंबोऱ्याचा सुमारे ३८६. पेडलने तार किती चढावी हे वादक स्वतः चावीने ठरवतो, आणि बरेच जाणते वादक ती तिसरी जागा यंत्राच्या आकड्यापेक्षा मुद्दाम उतरती ठेवतात. का? जोडी कुरकुरू नये म्हणून.

बरं, एवढ्याने भागतं का? नाही. पंचमाचा पंचम धरून रे लावला, तर रे-म ही जोडी जुळत नाही. जोडी जुळवली, तर रे सुमारे बावीस सेंट उतरतो. कुठे काय सोडायचं हे कांडी किंचित सरकवून, कानानेच ठरवावं लागतं. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं, ते याच जातीच्या हिशेबाचं. म्हणजे हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वाद्य तेवढं नवं.

काब्रांसारख्यांनी एकेरी सूर आणि मींड घेतली, जोडी सोडली. रागाला तेच हवं होतं, त्यात उणं काही नाही. पण त्यामुळे ‘स्टील म्हणजे घसरत जाणारा सूर’ एवढीच आपली समजूत झाली.

आता उजव्या हाताचं. सतारीला जसे दा-रा, तसे इथे अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांचे क्रम असतात : कधी दोन तारा एकदम, कधी अंगठ्यामागून बोट. पण छेडण्याइतकंच महत्त्व तार थांबवण्याला आहे. तळहाताच्या कडेने किंवा नखीनेच आधीचा सूर मिटवावा लागतो. तो राहिला की पुढच्या जोडीत मिसळतो, आणि वेग वाढला की नुसता गलका. वेगवान पण न मिटवलेली सरगम म्हणजे पुसल्याशिवाय पाटीवर पुन्हा लिहिणं.

म्हणून शिकणाऱ्याने आधी तंबोरा लावावा, मोबाईलवरचा चालेल. एक जोडी छेडून ती विरेपर्यंत थांबावं. कुरकुर ऐकू आली तर कांडी सरकवावी. मगच पुढची जोडी. आणि ऐकणाऱ्यांनी, म्हणजे आपण, ‘किती जलद वाजवलं’ याच्या आधी ‘गांधार कुठे लागला’ हे विचारावं. गुरू जवळ नसलेल्या मुलाला निदान असा श्रोता तरी मिळायला हवा. तेवढं नांदुऱ्यातही जमण्यासारखं आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.