शिकवणाऱ्या ॲपची परीक्षा

बंगळुरूमध्ये झालेला एक प्रयोग ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या 450 मुलाखती घेतल्या आणि 2012 साली निष्कर्ष मांडले. लोकांसमोर दोन गोष्टी ठेवायच्या, त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं भासवायचं आणि कोणती आवडली ते विचारायचं. दोन्ही हुबेहूब सारख्या असतानाही विचारणाऱ्याची गोष्ट निवडली जाण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाषा असेल, तर पाच पट. मुद्दाम खराब केलेली गोष्टही लोकांनी पसंत केली.

घरी आलेल्या माणसाला ‘तुमचं काम बरं नाही’ असं आपल्याकडे कोण म्हणतं? शाळेतलं मूल तर ‘समजलं का?’ विचारताच मान डोलावतं. त्यामुळे ‘आवडलं का?’ हा प्रश्न चाचणीतून काढूनच टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या हाती फोन द्यावा, एक काम सांगावं आणि गप्प बसून बोट कुठे थांबतं ते पाहावं. मनात येईल ते बोलत काम करायला सांगण्याची पद्धतही चांगली आहे, पण मोठ्या माणसासमोर आठ वर्षांची मुलगी एकटी बोलत नाही. तिच्या शेजारी मैत्रीण बसवली, तर दोघी एकमेकींशी बोलतात आणि आपल्याला ऐकायला मिळतं.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा पाच जणांचा नियम ॲपची चाचणी घेणाऱ्या सगळ्यांना पाठ असतो. पाच माणसांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी सापडतात, असं त्यांनी 2000 साली मांडलं. बटण दिसत नाही, शब्द कळत नाही, मागे कसं जायचं ते उमगत नाही, अशा अडचणींसाठी तो नियम उपयोगी आहेच. मात्र मुलाला भागाकार आला का, हे पाच जणांना अर्धा तास पाहून ठरत नाही. त्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा त्याच मुलाकडे जावं लागतं, आणि तिथे बहुतेकांचा उत्साह संपतो.

मग मोजायला सोपं ते मोजलं जातं: किती जण रोज परत येतात. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपने लोकांना रोज परत आणण्याची कला फार पुढे नेली आहे. सलग दिवसांची साखळी, ती तुटू नये म्हणून एखाद्या दिवसाची सूट, साप्ताहिक क्रमवारी, आठवण करून देणारं हिरवं घुबड. भाषेसारखी गोष्ट रोज थोडी केली तर चांगली येते, म्हणून साखळीत तथ्य आहे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवलं होतं की उजळणी वेळ सोडून वाटून केली तर जास्त टिकते. पण साखळी टिकवायची म्हणून रात्री पावणेबाराला सगळ्यात सोपा धडा उरकणारा माणूस आकडेवारीत उत्तम विद्यार्थी ठरतो. ते मला खुपतं.

साखळी आणि क्रमवारी हीही एक प्रकारची बक्षिसंच, आणि बक्षिसाबद्दलची सावधगिरी जुनी आहे. लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी बक्षीस नसताना हीच मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं, त्यांची गोडी कमी झाली नाही. ॲपमधला प्रत्येक बॅज ठरवताना हा फरक समोर हवा.

शिकणंच मोजणारी कामंही झाली आहेत. गुगलचं ‘बोलो’ 2019 मध्ये आलं, पुढे ‘रीड अलाँग’ झालं आणि मराठीतही मिळू लागलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द उच्चारून देतं, तेही इंटरनेटशिवाय. उत्तर प्रदेशातल्या 200 गावांत मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ संस्थेच्या मदतीने त्याची चाचणी झाली आणि मुलांचं वाचन सुधारलं का, हेच तपासलं गेलं.

त्याहून भक्कम पुरावा दिल्लीतला आहे. ‘माइंडस्पार्क’ या शिकवणाऱ्या ॲपच्या केंद्रांवरचा मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 619 मुलं होती, केंद्रात जागा कोणाला ते सोडतीने ठरलं. रोज दीड तास: निम्मा संगणकावर, निम्मा छोट्या गटात शिकवणाऱ्या ताई-दादांसोबत. ॲप आधी मुलाची खरी पातळी शोधायचं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती दिसली, तीही हजेरी सरासरी 58 टक्क्यांच्या आसपास असताना. उरलेले दिवस मुलं का आली नाहीत, हे स्क्रीनवरच्या नोंदींतून कळणार नाही, त्यासाठी त्यांच्या घरी जाऊन बसावं लागेल.

शाळेच्या परीक्षेत मात्र याच मुलांचे हिंदीचे गुण वाढले, गणिताचे वाढले नाहीत. तिसरी-चौथीचं गणित सहावीतल्या मुलाला नव्याने येऊ लागलं होतं, आणि शाळेचा पेपर सहावीचा होता.