तक्त्यात सगळीकडे तीनच का?

गेल्या आठवड्यात एक ज्युनिअर सीओ-पीओचा तक्ता घेऊन माझ्या टेबलापाशी आली. नेट-सेट, पेटच्या तयारीत असाल तर हा तक्ता तुमच्याही वाट्याला येणार आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सीओ म्हणजे एका विषयाच्या अध्ययन निष्पत्ती, पीओ म्हणजे अख्ख्या पदवीच्या. दोन्हींची जोडणी किती घट्ट आहे ते 1, 2 किंवा 3 आकड्यांत लिहायचं. नॅकच्या फायलीत हा कागद लागतोच.

तिच्या तक्त्यात सामुदायिक सहभाग प्रकल्पाच्या ओळीत डावीकडून उजवीकडे सगळीकडे 3 होते. चिकित्सक विचार 3, संवाद 3, नैतिकता 3, पर्यावरणभान 3. मी विचारलं, "सगळीकडे तीन कसे?" ती म्हणाली, "ताई, कमी लिहिलं तर कारण द्यावं लागतं."

माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. ती ज्या पद्धतीत हे भरतेय, त्या पद्धतीबद्दल आहे.

कागदावर कल्पना चांगली आहे. यूजीसीने 2020 मध्ये सामाजिक जबाबदारी आणि समुदाय सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवला आहे, आणि शिकणं दोन्ही बाजूंनी व्हावं, गावाच्या गरजाही ऐकल्या जाव्यात असं तत्त्व मांडलं आहे. महाराष्ट्रात नव्या धोरणाच्या श्रेयांक आराखड्यात हा प्रकल्प आता पदवीचा भाग आहे. 1969 पासूनची राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक होती. हे गुणपत्रिकेवर येतं. सगळ्या शाखांना सारखं लागू, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

मग अडतं कुठे? 'समान निष्पत्ती' याचा अर्थ आपण 'समान वाक्य' असा घेतलाय. "विद्यार्थी समाजाच्या समस्यांचे आकलन करेल" हे वाक्य वनस्पतीशास्त्र, वाणिज्य, भौतिकशास्त्र अशा सगळ्यांच्या अभ्यासक्रमात चिकटवलेलं असतं. प्रकल्प मात्र ज्याचा त्याचा. परिणाम असा की एकाच गावात तीन विभागांची मुलं तीन प्रश्नावल्या घेऊन जातात आणि एकमेकांना बसमध्येच पहिल्यांदा भेटतात.

अशाच एका प्रकल्पात मला पाण्याचे नमुने तपासायला मदतीला नेलं होतं. बीएस्सीची मुलं बाटल्या भरत होती. विहिरीपाशी धुणं धूत असलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मागल्या साली पण पोरं बाटल्या भरून गेली. त्याचं काय झालं?" आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. मागच्या वर्षीचा अहवाल विभागाच्या कपाटात होता. स्पायरल बाइंडिंग केलेला, सही-शिक्क्यासकट. गुण देऊन झाले होते.

आता निष्पत्तीच्या भाषेतच विचारा: त्या मुलांना 'संवाद' या रकान्यात 3 कशासाठी मिळाले? अहवाल लिहिला म्हणून? तो वाचायला हवा होता त्या माणसापर्यंत तो पोहोचलाच नाही. संशोधन करणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा मापनातला दोष आहे. जे मोजायचं ते न मोजता जे फाइलला लावता येतं ते मोजलं.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाकडे बघा. ज्ञानाने शहराची सेवा करावी अशा अर्थाचं त्यांचं ब्रीद आहे. 1994 मध्ये त्यांनी पदवीचं सामान्य शिक्षण मोडून नव्याने बांधलं. उद्दिष्टं चारच ठेवली: चिकित्सक विचार, संवाद, विविधतेचं भान, नैतिक-सामाजिक जबाबदारी. पहिल्या वर्षापासून शेवटच्यापर्यंत तीच चार. शेवटी कॅपस्टोन, 6 श्रेयांकांचा. त्यांच्याकडे क्वार्टर पद्धत असल्याने सेमिस्टरच्या हिशोबात साधारण 4. त्यात वेगवेगळ्या शाखांची मुलं एकाच गटात शहरातल्या एखाद्या संस्थेसोबत काम करतात. इथे 'समान' हा शब्द कामात उतरतो, कारण वाणिज्यवाल्याला रसायनवाल्याचा आकडा समजून घ्यावाच लागतो.

हे जसंच्या तसं आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. तिथे विद्यापीठ शहराच्या मध्यात आहे. आपल्याकडे शंभरेक मुलांमागे एक मार्गदर्शक आणि गावाला जायला एसटीच्या दोन फेऱ्या. पण पहिल्या वर्षी लिहिलेली निष्पत्ती शेवटच्या वर्षी त्याच मुलात तपासणं, याला पैसे लागत नाहीत. आपण ते करत नाही, कारण आपला तक्ता विषयाचा असतो, विद्यार्थ्याचा नसतो.

तुम्ही पुढे सिनॉप्सिस लिहाल तेव्हा 'सामाजिक उपयुक्तता' असा मथळा येईल. तिथे "हे संशोधन समाजास उपयुक्त ठरेल" लिहायचा मोह होतो. मीही लिहिलंय, आता ते पान वाचवत नाही. त्याऐवजी निष्कर्ष कोणाला, कधी आणि कोणत्या भाषेत सांगणार ते लिहा. समितीने भुवया उंचावल्या तर उंचावू देत.

त्या विहिरीचं सांगायचं राहिलं. आमच्या नमुन्यात नायट्रेट लिटरला 61 मिलिग्रॅम आलं. भारतीय मानकाची मर्यादा 45 आहे आणि त्यात सवलत नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. आणि धोका सगळ्यात जास्त वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना. अहवालात हा आकडा परिशिष्टात, तक्ता क्रमांक 4 मध्ये होता. मी आणि दोन मुलांनी तो एका पानावर मराठीत लिहिला आणि पुढच्या शनिवारी ग्रामसेवकांना नेऊन दिला. त्यांनी पोच दिली. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडून फेरतपासणी करून घेऊ म्हणाले. मावशींच्या सुनेला सहा महिन्यांचं बाळ आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

या कामाला श्रेयांक नव्हता, कारण सत्र संपलं होतं. ज्युनिअरच्या तक्त्यात 'संवाद' खाली आम्ही 1 लिहिला आणि शेजारी कारणही लिहिलं. तो तक्ता अजून विभागप्रमुखांकडे आहे.