जुने खेळ, नवी यंत्रणा : संगणकीय खेळांच्या पाठनिष्ठेचा प्रश्न ('डूम'च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकीय खेळ हा एक स्वतंत्र कलाप्रकार म्हणून पुढे आला. चित्र, संगीत, कथानक आणि खेळणाऱ्याची कृती यांचा मेळ घालणाऱ्या या प्रकाराची समीक्षा आता विद्यापीठीय अभ्यासातही होऊ लागली आहे. मात्र या समीक्षेत एक प्राथमिक प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. समीक्षक ज्या खेळाविषयी लिहितो, तो खेळ त्याने नेमका कोणत्या प्रतीतून पाहिला? ग्रंथ पन्नास वर्षे कपाटात पडून राहिला तरी वाचता येतो. खेळाची फाइल मात्र जशीच्या तशी शाबूत असली तरी तेवढ्याने खेळ हाती येत नाही. तो चालावा लागतो, आणि त्यासाठी आवश्यक असलेले यंत्र व ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य झालेली असते. म्हणूनच जुना खेळ नव्या यंत्रणेवर आणणारा प्रत्येक जण, जाणता वा अजाणता, संपादकाचे काम करीत असतो. हे काम पाठसंपादन मानून त्याच निकषांवर त्याचे मूल्यमापन व्हावे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. त्यासाठी अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीच्या 'डूम' (१९९३) या खेळाचा विशेष आधार घेतला आहे.

खेळ बंद का पडतो?

डॉसच्या काळातील खेळ पडदा, साउंड कार्ड व घड्याळ यांच्याशी थेट व्यवहार करीत. विंडोज एक्सपीने (२००१) या थेट व्यवहाराला मोठ्या प्रमाणावर आळा घातला. पुढे ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालविण्याची सोयच उरली नाही. काही खेळांनी तर यंत्राच्या वेगालाच काळाचे माप मानले होते. त्यामुळे 'विंग कमांडर' (१९९०) पुढील पिढीच्या संगणकांवर इतका वेगाने धावू लागला की तो खेळणे दुरापास्त झाले.

काही वेळा दोष मूळ खेळातच असे आणि जुनी यंत्रणा तो निभावून नेई. जोएल स्पॉल्स्की यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखातील 'सिमसिटी'ची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. हा खेळ वापरून परत केलेल्या मेमरीतील मजकूर पुन्हा वाचत असे. आधीच्या विंडोजवर ते खपून गेले; विंडोज ९५ वर खेळ कोसळू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरांनी 'सिमसिटी' चालू आहे काय हे ओळखून, असल्यास मेमरी वाटपाची रीत बदलणारी खास तरतूद विंडोज ९५ मध्येच केली. पाठातील चूक सांभाळण्यासाठी येथे वाहकाने स्वतःला वाकविले.

याच्या उलट उदाहरण विंडोजमधील 'पिनबॉल'चे. रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये सांगितल्यानुसार, ६४-बिट रूपांतरात चेंडू इतर वस्तूंना न आदळता आरपार जाऊ लागला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या, टिपांविना असलेल्या त्या कोडमधील दोष हाती लागला नाही, आणि अखेर खेळच वगळण्यात आला. एका खेळासाठी यंत्रणा बदलली गेली, दुसरा यंत्रणेसाठी सोडून देण्यात आला. दोन्ही निर्णय अभियंत्यांनी घेतले आणि दोन्हींचे परिणाम सांस्कृतिक होते.

पुनरुज्जीवनाचे मार्ग

ऑपरेटिंग सिस्टिमनेच जुन्याची सोय ठेवणे हा पहिला मार्ग झाला. दुसरा मार्ग इम्युलेशनचा. २००२ मध्ये प्रथम उपलब्ध झालेला डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो. खेळाला आपण जुन्याच यंत्रावर आहोत असे वाटते. मात्र ते यंत्र किती वेगाने चालावे हे ठरविण्याची मोकळीक खेळणाऱ्याला असते. तिसरा मार्ग स्कमव्हीएमचा (२००१). लुकासआर्ट्सच्या साहसी खेळांत कथेच्या आज्ञा आणि त्या वाचणारा प्रोग्रॅम वेगवेगळे असत. स्कमव्हीएमने आज्ञांच्या फायली तशाच ठेवून वाचणारा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. चौथा मार्ग खेळाच्याच सोर्स कोडवरून नवी आवृत्ती सिद्ध करण्याचा. पाठनिष्ठेचा प्रश्न या चौथ्या मार्गात सर्वांत तीव्र होतो, कारण येथे संपादकाला प्रत्येक ओळ बदलण्याची मुभा असते.

'डूम' : एक खेळ, अनेक प्रती

इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये 'डूम'चा सोर्स कोड खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. डॉस आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला असल्याने तो प्रसिद्ध करता येत नव्हता. म्हणून लिनक्स आवृत्तीचा कोड देण्यात आला. म्हणजे जगासमोर आलेली संहिता ही बहुसंख्य लोकांनी खेळलेल्या खेळाची संहिता नव्हतीच. उपलब्ध प्रतीवरून अनुपलब्ध प्रतीकडे जाण्याचे पाठसंशोधकाचे नेहमीचे काम येथेही वाट्याला आले.

या कोडवरून पुढे दोन प्रवाह निर्माण झाले. जीझेडडूमसारख्या आवृत्त्यांनी वर-खाली पाहणे, उडी मारणे, उच्च दर्जाची प्रतिमा आणि मऊ प्रकाशछटा यांची भर घातली. २००५ मध्ये सुरू झालेल्या चॉकलेट डूमने मूळ डॉस आवृत्तीचे वर्तन तिच्या दोषांसह व मर्यादांसह जपण्याचे व्रत घेतले.

या दोहोंतील फरक केवळ अभिरुचीचा नाही. मूळ 'डूम'मध्ये खेळणाऱ्याला मान वर करता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. वरच्या कठड्यावरील शत्रूवर नेम आपोआप धरला जातो. त्या खेळातील वास्तुरचना याच मर्यादांवर उभी आहे. समोर दिसणारी, पण चढता न येणारी पायरी खेळणाऱ्याला लांबचा वळसा घ्यायला लावते आणि त्या वळशात भय व शोध दोन्ही असतात. उडीची मुभा घेतली की पायरी उरते, तिचा अर्थ जातो. प्रकाशाचेही तसेच आहे. २५६ रंगांच्या मर्यादेत अंतरागणिक येणारा काळोख मूळ खेळात टप्प्याटप्प्याने दाटतो. ते टप्पे पुसून सलग छटा आणल्यास चित्र सुबक होते, पण काळोखाची घडण बदलते.

पाठाच्या खरेपणाची एक कठोर कसोटीही या खेळाने स्वतःच पुरविली आहे. 'डूम'मध्ये एखादा डाव नोंदवून ठेवता येतो. या नोंदीत चित्रे नसतात; सेकंदाच्या पस्तिसाव्या भागागणिक खेळणाऱ्याने काय केले एवढेच असते. खेळातील यदृच्छाही २५६ अंकांच्या एका ठराविक तक्त्यातून येते. त्यामुळे नियम तेच असतील तर तीच नोंद तोच डाव पुन्हा उभा करते. नियमांत यत्किंचित बदल झाला तरी नोंदीतील खेळाडू थोड्याच वेळात भिंतीला धडका देऊ लागतो आणि रिकाम्या जागी गोळ्या झाडतो. इतकी निर्विवाद परीक्षा हस्तलिखितांच्या संपादकाला क्वचितच उपलब्ध असते.

येथे मराठी परंपरेतील एक उदाहरण उपयुक्त ठरते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठांतरांमुळे शिरलेली अशुद्धी दूर करणे हा त्यांचा हेतू होता; ज्ञानदेवांना सुधारणे हा नव्हता. प्रसारात आलेले दोष काढावेत आणि कर्त्याच्या रचनेला हात लावू नये, हा विवेक संपादनाचा पाया आहे. चॉकलेट डूम तो पाळते. कर्त्यांच्या हातून झालेल्या चुकाही ती जपते, कारण खेळणाऱ्यांनी आपले कसब त्या चुकांसह घडविलेले असते.

मूळ अनुभव एकच होता काय?

तथापि चॉकलेट डूमलाच 'मूळ' म्हणणे घाईचे ठरेल. 'डूम'चे चित्र ३२० × २०० बिंदूंचे. ते ४:३ प्रमाणाच्या काचेच्या पडद्यावर पसरे, त्यामुळे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा काहीसा उंच दिसे. आजच्या चौरस बिंदूंच्या पडद्यावर हे प्रमाण हिशेबाने साधावे लागते; न साधल्यास आकृत्या बुटक्या होतात. मूळ पडदा सेकंदाला ७० वेळा उजळे आणि ३५ चित्रे त्यात नेमकी बसत. ६० वेळा उजळणाऱ्या पडद्यात ती तशी बसत नाहीत. संगीत तर आरंभापासूनच अनेकरूपी होते. बॉबी प्रिन्स यांची तीच रचना स्वस्त साउंड कार्डावर एक आणि महागड्या उपकरणावर दुसरीच ऐकू येई. मंद संगणक असलेले लोक चित्राची चौकट लहान करून खेळत. पाठभेद हे पुनरुज्जीवनाचे अपत्य नसून खेळाच्या जन्माबरोबरच आलेले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'डूम'च्या कर्त्यांनी चित्रे व नकाशे वेगळ्या फायलींत ठेवून इतरांना बदल करण्याची वाट स्वतःच मोकळी ठेवली होती. मग सुधारित आवृत्त्या त्या परंपरेच्याच वारसदार ठरत नाहीत काय? हा आक्षेप रास्त आहे. जीझेडडूमवर स्वतंत्र खेळ रचले गेले आहेत आणि त्यांचे मोल नाकारता येत नाही. परंतु टीका कितीही समृद्ध असली तरी ती मूळ ग्रंथाच्या जागी वाचली जात नाही. १९९३ च्या खेळाविषयी विधान करणाऱ्या समीक्षकाने सुधारित आवृत्तीचा आधार घेणे हे टीकेवरून ग्रंथकाराची शैली ठरविण्यासारखे आहे.

बाजार आणि कायदा

जुने खेळ विकणाऱ्या कंपन्यांमुळे वाट सुकर झाली, हे मान्य केले पाहिजे. पोलंडमधील जीओजी (२००८) अनेक डॉसकालीन खेळ डॉसबॉक्ससह आयते जुळवून देते. तथापि वेग किती ठेवला, कोणते साउंड कार्ड निवडले हे निर्णय ग्राहकासाठी आधीच झालेले असतात आणि क्वचितच त्याच्या नजरेस येतात. अशी प्रत खेळण्यास सोयीची, पण अभ्यासकासाठी अपुरी असते.

जे खेळ बाजारात नाहीत त्यांची स्थिती अधिक चिंताजनक आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून द्यावेत यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. 'डूम'चा कोड मुक्त आहे, पण त्यातील चित्रे, नकाशे व संगीत यांवरील हक्क राखीव आहेत. एवढी मोकळीकही बहुसंख्य खेळांच्या वाट्याला आलेली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, जुना खेळ नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालविणे ही अर्थनिर्णयाची कृती आहे. 'चालतो' आणि 'तसाच चालतो' यांत भेद करावा लागतो. दोन, अत्यंत सुबक प्रत ही अत्यंत विश्वसनीय प्रत असतेच असे नाही. तीन, खेळाविषयी लिहिणाऱ्याने तो कोणत्या आवृत्तीत, कोणत्या वाहकावर व कोणत्या जुळणीसह पाहिला हे नोंदविणे आवश्यक आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ आढळते. संपादकाने आपला संशय वाचकापुढे उघड करण्याची ती रीत आहे. खेळांच्या पुनरुज्जीवनाला अशाच रेघेची गरज आहे.

मराठीच्या अध्यापकांना हा प्रश्न परका वाटू नये. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले लेख व प्रबंध आज नव्या संगणकावर उघडले की पडद्यावर रोमन अक्षरांची गर्दी दिसते. ते रूपांतरित करताना काही जोडाक्षरे तुटतात, काही चिन्हे गळतात आणि दुरुस्ती करणारा आपल्या समजुतीने जागा भरतो. त्याने काय बदलले याची नोंद राहत नाही. पुढच्या अभ्यासकासमोर केवळ स्वच्छ दिसणारे पान असते.