अडीचशे मिलिमीटरची पृथ्वी

२४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ यानातून बिल अँडर्स यांनी टिपलेले छायाचित्र ‘अर्थराइज’ या नावाने जगभर ओळखले जाते. खाली चंद्राची राखाडी, खड्ड्याखड्ड्यांची जमीन, वर काळ्याभोर अवकाशात अर्धीअधिक उजळलेली पृथ्वी. निसर्गछायाचित्रकार गॅलन रॉवेल यांनी तर त्याला आजवरचे सर्वांत प्रभावी पर्यावरणीय छायाचित्र मानले. त्याविषयीच्या लेखनात दोन सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक भारावलेला: अंतराळवीरांनी जे पाहिले तेच आपण पाहतो आहोत. दुसरा संशयाचा: टेलिफोटो लेन्स लावून पृथ्वी मोठी करून दाखवली, म्हणजे चित्रात लबाडी आहे. मला हे दोन्ही सूर चुकलेले वाटतात. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती आणि फिल्म केवढी, हा हिशेब दोघांनीही मांडलेला नाही. तो मांडल्याशिवाय या चित्राची समीक्षा होऊ शकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

कॅमेरा होता हॅसलब्लाड ५०० ईएल, विजेच्या मोटरवर फिल्म पुढे सरकवणारा. फिल्म ७० मिलिमीटर रुंदीची, तिच्यावर उमटणारी चौकट चौरस, बाजू सुमारे ५५ मिलिमीटर. लेन्स होती झाइसची २५० मिलिमीटरची सोनार. ही लांब लेन्स पृथ्वीसाठी लावलेली नव्हती. अँडर्स तिने चंद्राच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेत होते, तेही कृष्णधवल फिल्मवर. यान स्वतःभोवती हळूहळू वळत असताना पृथ्वी खिडकीत आली. पहिले छायाचित्र अँडर्स यांनी त्याच कृष्णधवल फिल्मवर घेतले आणि लगेच जिम लव्हेल यांच्याकडे रंगीत फिल्म मागितली. या जातीच्या कॅमेऱ्याची मोठी सोय अशी की फिल्मचे मॅगझिन पाठीमागून काढून दुसरे बसवता येते. रीळ संपण्याची वाट पाहावी लागत नाही आणि लेन्सही जागची हलवावी लागत नाही. मॅगझिन बदलले, लेन्स तीच राहिली, म्हणून रंगीत पृथ्वी आपल्याला या आकारात मिळाली.

आता आकाराचा हिशेब. दूरच्या वस्तूची फिल्मवरची प्रतिमा केवढी उमटेल, हे वस्तूचा व्यास, तिचे अंतर आणि लेन्सची लांबी यांवर ठरते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्रापासूनचे अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर. व्यासाला अंतराने भागून लेन्सच्या लांबीने गुणले की झाले. नेहमीची ८० मिलिमीटरची लेन्स असती तर फिल्मवर पृथ्वी अडीच-पावणेतीन मिलिमीटरची, बाजरीच्या दाण्याएवढी उमटली असती. २५० मिलिमीटरच्या लेन्सने ती सव्वाआठ मिलिमीटरची, हरभऱ्याएवढी झाली. क्षेत्रफळ जवळपास दहा पट. ढगांचे पट्टे आणि उजेड-अंधाराची सीमारेषा स्वच्छ दिसते, ती या दहा पटीमुळे.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हीच लेन्स लहान, ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला लावली असती, तरी पृथ्वी फिल्मवर सव्वाआठ मिलिमीटरचीच आली असती. प्रतिमेचा आकार फिल्मच्या आकारावर अवलंबून नसतो. मग मोठ्या फिल्मने काय दिले? तिने भोवतालची जागा दिली. लहान फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिच्यात पृथ्वीने उंचीचा तिसरा हिस्सा व्यापला असता. ५५ मिलिमीटरच्या चौकटीत ती बाजूच्या सातव्या हिश्श्याहून थोडीच मोठी राहते. तपशील भरपूर आणि भोवती काळोखही भरपूर, हा दुहेरी लाभ लांब लेन्स आणि मोठी फिल्म एकत्र आल्यावरच मिळतो. या चित्रातला एकटेपणा आपण कवीच्या भाषेत वर्णन करतो. त्याचा पाया असा मिलिमीटरमध्ये मोजता येतो. छापताना अनेकदा कडा कापून पृथ्वी मोठी केली जाते, तेव्हा पहिला बळी या एकटेपणाचा जातो.

भारावलेल्या सुराचे काय? या कॅमेऱ्याला लेन्समधून पाहण्याची सोय नव्हती. तिच्या जागी नेम धरायला एक साधी कडी होती. म्हणजे २५० मिलिमीटरच्या लेन्सने पाहिलेली पृथ्वी त्या क्षणी कोणाही माणसाने पाहिली नाही. ती फक्त फिल्मने पाहिली. अंतराळवीरांच्या डोळ्यांना दिसलेली पृथ्वी जेमतेम दोन अंशांची होती. हात लांब करून अंगठा धरला की ती त्यामागे लपत असे, असे लव्हेल सांगत.

संशयाच्या सुरालाही उत्तर आहे. टेलिफोटो लेन्स दूरच्या वस्तू जवळ ओढते, असे आपण बोलतो खरे, पण पुढच्या आणि मागच्या वस्तूंचे परस्परांशी प्रमाण लेन्सवर ठरत नाही, आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. त्याच खिडकीतून ८० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेल्या चित्राचा मधला तुकडा मोठा केला असता, तर क्षितिज आणि पृथ्वी यांचे प्रमाण तंतोतंत हेच आले असते, फक्त रवाळ. लांब लेन्स निवड करते. खोटे सांगत नाही.

फेरफार शोधायचाच तर तो चित्राच्या ठेवणीत आहे. अँडर्स यांच्या मूळ चौकटीत चंद्राचे क्षितिज उभे, उजव्या बाजूला आहे. छापताना ते आडवे केले गेले, म्हणून पृथ्वी ‘उगवली’. चंद्राच्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी अशी उगवताना दिसत नाही. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असल्याने तिथल्या आकाशात पृथ्वी जवळजवळ जागच्या जागी राहते. हा उदय प्रदक्षिणा घालणाऱ्या यानाचा आहे. ‘चंद्रावरून दिसलेला पृथ्वीचा उदय’ अशी ओळ चित्राखाली लिहिताना आपण हे विसरतो.

कडा न कापलेले हे चित्र वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर बाजूचे छापले, तर पृथ्वी तीन सेंटिमीटरची होते. पुस्तकासारखे हातात धरून पाहिले की ती खिडकीतून दिसली त्याच्या तिप्पट मोठी भासते. तेच पान भिंतीला टेकवून तीन फूट मागे सरकलात, तर ती अँडर्स यांना दिसली तेवढीच दिसेल. मी हे करून पाहिले. तपशील थोडा हरवतो, चित्र आधीपेक्षा शांत होते, आणि अंगठा पुढे धरला की पृथ्वी खरोखरच झाकली जाते.