दहा दिवसांचं बाळ आणि पावत्यांची फाईल

‘आनंदी गोपाळ’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा २०१९च्या फेब्रुवारीत, थिएटरात, कॉलेजच्या मित्रांबरोबर. डोळे पुसत बाहेर आलो आणि लगेच स्टेटस टाकलं. दुसऱ्यांदा पाहिला तो मोबाईलवर, एका खासगी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, रात्री दोन वाजता. त्या दिवशी ताईचं सिझर झालं होतं आणि बाळ काचेच्या पेटीत होतं. आई ताईजवळ, दाजी औषधं आणायला गेलेले आणि माझ्या मांडीवर एक प्लास्टिकची फाईल. तीत ३०,००० रुपये डिपॉझिटची पावती, रक्त तपासणीची पावती, भूलतज्ज्ञांची वेगळी पावती. झोप येत नव्हती म्हणून सिनेमा लावला.

पहिल्या वेळी ज्या प्रसंगावरून मी पुढे सरकलो होतो, तिथेच या वेळी अडकलो. आनंदीचं बाळ जातं तो प्रसंग.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कल्याणच्या जोशांची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत. पुढे ती डॉक्टर व्हायचं ठरवते, अमेरिकेला जाते, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून एम.डी. होते आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात क्षयाने जाते.

समीर विद्वांसांच्या चित्रपटात बाळाचा मृत्यू हे गोष्टीचं वळण आहे. रडणं होतं, शांतता होते, आणि मग त्या दुःखातून जिद्द उगवते. पटकथेच्या दृष्टीने हे चोख आहे. भाग्यश्री मिलिंदने तो प्रसंग फार संयमाने केला आहे आणि ललित प्रभाकरचा गोपाळराव पडदा व्यापून राहतो. या चित्रपटाला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी, की बाळ का गेलं हा प्रश्न चित्रपट दोन मिनिटांत मागे टाकतो आणि आई काय झाली या प्रश्नाकडे धावतो.

खुद्द आनंदीबाईंना हा पहिला प्रश्न सोडायचा नव्हता. अमेरिकेला जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांनी बंगालात सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केलं. मी का जाते, इथेच का शिकत नाही, एकटी का जाते, अशा लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. त्या भाषणात ‘माझं बाळ गेलं म्हणून’ हे कारण पुढे केलेलं नाही. त्यांचा मुद्दा व्यवस्थेचा आहे. बाया पुरुष डॉक्टरसमोर अंग दाखवायला तयार नसतात, म्हणून दुखणं अंगावर काढतात. देशात बायकांसाठी बाई डॉक्टरची गरज आहे आणि ते काम करायला मी पुढे होते. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचं दुःख बाजूला ठेवून सगळ्यांचा हिशेब मांडते. एम.डी.साठी प्रबंधाचा विषयही तिने हाच घेतला: आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे दहा दिवसांचं ते बाळ तिने शेवटपर्यंत सोडलं नव्हतं, फक्त त्याला अभ्यासाचा विषय केलं होतं. चित्रपटात अमेरिकेचा भाग उत्तरार्धात आटोपता घेतला आहे. आनंदी काय शिकली यापेक्षा ती थंडीत कशी खंगली हे आपल्या जास्त लक्षात राहतं.

याचं एक कारण शीर्षकातच आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालची. तिथूनच ही गोष्ट मराठी मनात जोडप्याची गोष्ट म्हणून बसली. विक्षिप्त नवरा, सोसणारी बायको आणि त्यातून घडलेला चमत्कार. पण त्याच्या कितीतरी आधी, १८८९ मध्ये, काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं होतं. समकालीन बाईने समकालीन बाईचं लिहिलेलं चरित्र. आणि १९९७ मध्ये अंजली कीर्तने यांचं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ आलं, ज्यात नाव एकटीचं आहे. गोपाळरावांनी लहानपणी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, पुस्तकं आणि खुर्च्या फेकल्या, याची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून खुद्द त्यांनाच पत्रात करून दिली होती. चित्रपट ही नोंद बरीचशी हट्टाच्या आणि प्रेमाच्या खात्यात जमा करतो. त्यामुळे आपल्याला गोपाळराव आवडतात आणि चौदाव्या वर्षीचं बाळंतपण ही जणू काळाचीच चूक वाटते, कुणा माणसाची नाही.

जिन्यात बसून मला आणखी एक गोष्ट दिसली. मराठी सिनेमात बाळंतपण म्हणजे बंद दार. आतून किंकाळी, बाहेर येरझाऱ्या घालणारा नवरा, मग नर्स दार उघडते आणि सगळे हसतात किंवा रडतात. हे दार मी आता ओळखतो, कारण मीही त्याच्या बाहेरच उभा होतो. पण सिनेमात त्या दाराशेजारी जे कधीच नसतं ते म्हणजे काउंटर. आमची त्या रात्रीची निम्मी गोष्ट काउंटरवर घडली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिच्यात माया आहेच, पण खर्च मुलीच्या बापाने करायचा हेही तिच्यात न बोलता ठरलेलं आहे. बाबांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. आधी आम्ही ताईला सरकारी दवाखान्यातच नेलं होतं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिथलं बाळंतपण, अगदी सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी सगळं मोफत आहे. भिंतीवर तसा फलकही होता. पण त्या रात्री भूल द्यायला डॉक्टर नव्हते. बाळाचे ठोके कमी होत होते. “थांबू नका, घेऊन जा,” म्हणाले. आम्ही घेऊन गेलो. मोफत आणि ३०,००० यांच्यातलं अंतर रिक्षाने वीस मिनिटांचं होतं.

सकाळी आईने हातातल्या पाटल्या काढून बाबांकडे दिल्या. काही बोलली नाही. बाबांनी त्या रुमालात गुंडाळल्या आणि सोनाराकडे गेले. मला तेव्हा आठवलं, आनंदीबाईंच्या अमेरिकेच्या प्रवासासाठीही सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या. चित्रपटात असं काही दिसलं की आपण त्याला त्याग म्हणतो आणि मागे संगीत वाजतं. आमच्याकडे संगीत नव्हतं. आत्या एवढंच म्हणाली, “सोनं याच दिवसासाठी असतं ग.” बाईच्या अंगावरचं सोनं हाच घराचा आरोग्य विमा, हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला राग यायलाही वेळ लागला.

राग कुणावर, हेही नीट कळत नव्हतं. त्या डॉक्टरांनी ताईला वाचवलं. सिझर गरजेचंच होतं. पण सगळीच तशी असतात का, हा प्रश्न आकडे विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आहे आणि खासगीत ४७.४ टक्के. गुंतागुंतीच्या केसेस खासगीत जास्त जातात असं धरलं, तरी बायकांची शरीरं रस्ता ओलांडला म्हणून इतकी बदलत नाहीत. दुसऱ्या बाजूला, पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. आमच्या फाईलचा शेवटचा आकडा ८६,००० होता.

आणि बाळंतपणाकडे निदान घर धावतं. बाकी दुखण्यांचं काय? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी निघाला, आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सेरामपूरच्या भाषणानंतर १०६ वर्षांनी. सतरा वर्षांची आनंदी जे सभागृहात सांगत होती ते गडचिरोलीत तसंच सापडलं. आनंदीबाईंची गोष्ट सांगताना तिला हा पुढचा भाग जोडला नाही, तर ती गोष्ट फक्त अभिमानाची उरते. ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ असं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डचं जे काम तिची वाट पाहत होतं, ते ती हाती घेऊ शकली नाही. तिने ज्यासाठी सगळं केलं ते काम सुरूच झालं नाही, हा मला या गोष्टीचा सगळ्यात जड भाग वाटतो. डोळे पुसून उठताना तो हातातून निसटतो.

तरीही चित्रपट पाहू नका असं मी म्हणणार नाही. जरूर पाहा. फक्त बाळ जातं तिथे पॉज करा आणि घरात आईला किंवा आजीला विचारा, तुमच्या वेळी कुठे नेलं होतं, कोण होतं, पैसे कुठून आणले. मी विचारलं. आई म्हणाली, तुझ्या वेळी बाबांनी दुकानातला माल उधारीवर उचलला होता, फेडायला दीड वर्ष लागलं. सव्वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

भाची आता दोन वर्षांची आहे. फाईल कपाटात वरच्या फळीवर आहे. आईचे हात अजून मोकळेच आहेत. विचारलं की म्हणते, भांडी घासताना बरं पडतं.