प्यादीमात

दिवाळी आली की शहाडच्या चाळींतून आणि वसाहतींतून मातीचे किल्ले उभे राहतात. मावळे मांडून होतात, महाराज सिंहासनावर बसतात, आणि मग पोरांत वाद सुरू होतो. पहिली पाळी कोणाची? कोणी किती पावले चालायचे? मेलेला गडी परत केव्हा उठणार? सैन्य मांडणे सोपे, नियम मांडणे कठीण. कारण नियम करणारा नकळत एका समाजाचे चित्रच काढीत असतो.

आपल्या देशी बुद्धिबळाचे नियम या दृष्टीने वाचून पाहावेत. पाळीपाळीने लढायचा हा कल्पित संग्राम फार जुना आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये त्याला मानाचे स्थान दिले. (त्याची राजधानीही कल्याणच, पण ते कर्नाटकातले, आपले खाडीकाठचे नव्हे.)

देशी डावात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. राजाला किल्लेकोट नाही. शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्याची उडी मारण्याची त्याला मुभा असते. म्हणून डाव सावकाश उमलतो. पण या नियमांचे खरे वैशिष्ट्य शेवटात आहे. प्रतिपक्षाचे सारे सैन्य कापून राजा एकटा ठेवलात, तर ती ‘बुर्जी’. तिला पुरती जीत मानीत नसत. उलट वजीर-हत्ती बाजूला ठेवून साध्या प्याद्याने केलेली मात सर्वांत मोलाची. नुसते जिंकलात हे पुरेसे नाही, कसे जिंकलात ते सांगा, असे हा नियम बजावतो. एवढी रसिकता पाश्चात्त्य नियमांत नाही. तेथे मात ती मात.

मात्र येथेच थांबून टाळ्या पिटणे बरे नव्हे. शेवटच्या घरी पोचलेले देशी प्यादे हवे ते होऊ शकत नाही. घोड्याच्या घरी पोचले तर घोडा, उंटाच्या घरी पोचले तर उंट! सहा पावले जिवावर उदार होऊन चाललेल्या शिपायाचे भवितव्य त्याच्या पट्टीने आधीच ठरवून टाकलेले. पाश्चात्त्य नियमात तेच प्यादे कोणत्याही घरी वजीर होते. प्याद्याच्या हातच्या मातेला एवढा मान देणाऱ्या परंपरेने प्याद्याला मात्र मोठे होऊ देण्यात हात आखडता घेतला, ही विसंगती लपवून चालणार नाही.

देशी शिक्षण वाया जात नाही, हे मीर सुलतान खान यांनी दाखविले. देशी नियमांवर वाढलेल्या या पंजाबी खेळाडूने 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. पुढे पाश्चात्त्य नियमच सर्वत्र रूढ झाले, आणि त्याच नियमांनी खेळून नागपूरची दिव्या देशमुख 2025 साली बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून आली. तेव्हा जुन्या नियमांकडे परत चला, असा आग्रह कोणी धरू नये. बढतीचा नियम त्यांचाच न्यायाचा.

पण घरच्या पटावर त्यांच्या नियमाला आपला एक मान जोडायला काय हरकत आहे? फराळाचे ताट बाजूला सारून आजोबा-नातवंडांनी पट मांडावा, आणि प्यादीमात करील त्याला शेवटची करंजी द्यावी. जिंकण्यातही डौल असतो, हे मुलांना याहून गोड रीतीने सांगता येणार नाही.