पुरातत्त्वीय उत्खननाचे प्रमाणित करारनामे : एक चिकित्सा

प्रस्तावना :

बांधकामापूर्वी जागेतील प्राचीन अवशेषांचे उत्खनन विकासकाच्या खर्चाने करून घेण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९९० नंतर रूढ झाली. त्याआधी, १९८९ मध्ये, लंडनच्या सदर्क भागात एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर १५८७ मध्ये उभारलेल्या 'रोझ' नाट्यगृहाचे अवशेष सापडले आणि त्यांच्या रक्षणासाठी मोठे जनआंदोलन झाले. नोव्हेंबर १९९० मध्ये 'पीपीजी १६' ही शासकीय नियोजन-मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. अवशेष शक्यतो जागेवरच राखावेत, ते अशक्य असल्यास नोंदीच्या रूपाने जतन करावेत, असे तिचे सूत्र होते. नोंदरूप जतन हा दुय्यम पर्याय आहे, हेही तिने मान्य केले होते. २०१० मध्ये ही मार्गदर्शिका रद्द झाली, तरी विकासकाने खर्च सोसण्याचे तत्त्व टिकून राहिले. परिणामी पुरातत्त्वज्ञ हा निविदा भरणारा व्यावसायिक झाला. त्याच्या कामाला बांधकाम क्षेत्राचा प्रमाणित करारनामा कितपत मानवतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अवशेष : अडथळा की उद्दिष्ट?

सर्वसाधारण बांधकाम करारात अवशेष सापडणे ही आपत्ती मानली जाते. 'फिडिक' या आंतरराष्ट्रीय अभियंता महासंघाच्या १९९९ च्या नमुन्यातील कलम ४.२४ नुसार सापडलेल्या प्राचीन वस्तू कामाच्या मालकाच्या ताब्यात जातात. कंत्राटदाराने त्वरित सूचना द्यायची असते. विलंब झाल्यास त्याला मुदतवाढ व झालेला खर्च मिळतो, मात्र त्यावर नफा मिळत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतात झालेल्या कामांतही 'फिडिक'च्या नमुन्यांचा आधार घेतला गेला आहे. येथे अवशेष म्हणजे हिशेबात बसवायची जोखीम होय.

ब्रिटनमधील 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स'च्या करारमालेत २००४ मध्ये पुरातत्त्वीय अन्वेषणासाठी स्वतंत्र नमुना आला, तेव्हा हे नाते उलटे झाले. जे इतरत्र विघ्न होते, तेच येथे कामाचा विषय ठरले. पुरातत्त्वज्ञाला कराराचा स्वतंत्र पक्ष म्हणून स्थान मिळाले, ही या नमुन्याची मोठी देणगी आहे. मोबदला, मुदत व जबाबदारी लेखी ठरल्याशिवाय कोणताही व्यवसाय प्रतिष्ठेने उभा राहत नाही.

साच्याच्या मर्यादा :

तथापि, बांधकाम कराराचा साचा दोन गृहीतकांवर उभा असतो. पहिले असे की, सदोष काम दुरुस्त करता येते. भिंत वाकडी झाली तर कंत्राटदार ती पाडून पुन्हा बांधतो. उत्खननात मात्र एकदा काढलेला मातीचा स्तर पुन्हा खणता येत नाही. तेथे दोषदुरुस्तीच्या कलमाला अर्थच उरत नाही. दुसरे गृहीतक असे की, पैसे देणाऱ्यालाच कामाच्या गुणवत्तेची आस्था असते. घराचा मालक गळके छप्पर स्वीकारत नाही, कारण त्याखाली त्यालाच राहायचे असते. येथे पैसे देतो विकासक आणि फलित ज्ञानाच्या रूपाने समाजाला मिळते. नियोजन परवानगीची अट पूर्ण होऊन जागा मोकळी झाली की विकासकाची गरज भागते.

या विसंगतीचा परिणाम अहवालांत दिसतो. उत्खननांचे असंख्य अहवाल मर्यादित प्रतींत निघाले आणि विद्यापीठीय संशोधनापर्यंत पोहोचलेच नाहीत. रिचर्ड ब्रॅडली यांनी ब्रिटन व आयर्लंडच्या प्रागितिहासावरील २००७ च्या ग्रंथासाठी असे अप्रकाशित अहवाल धुंडाळले, तेव्हा प्रचलित मांडणी अनेक ठिकाणी बदलावी लागली. म्हणजे माहिती जमिनीतून निघाली होती, परंतु कराराच्या दृष्टीने काम पूर्ण झाल्यावर ती कपाटात बंद राहिली.

समारोप :

करारनामा उत्खननाला शिस्त देतो. त्याची गुणवत्ता मात्र तो स्वबळावर राखू शकत नाही. ती राखण्यासाठी विकासकाशी आर्थिक संबंध नसलेला नियोजन प्राधिकरणाचा पुरातत्त्वज्ञ हवा, त्याने मंजूर केलेली लेखी कार्ययोजना हवी आणि क्षेत्रकाम संपले तरी विश्लेषण, प्रकाशन व संग्रहालयातील जतन यांच्यासाठी निधी राखून ठेवणारी अट हवी. करारातील अंतिम देयक अहवाल अभ्यासकांच्या हाती पडण्याशी जोडले गेले, तरच नोंदीच्या रूपाने जतन या शब्दांना अर्थ राहील. अन्यथा अवशेषही जातील आणि त्यांची नोंदही.